अभिवाचनाला ऑस्बर्न घ्यावा की रॅटिगन?

पन्नासच्या दशकातलं एखादं ब्रिटिश नाटक गटात वाचायचं ठरलं आणि चर्चेअंती आमच्याकडे दोनच उरली: जॉन ऑस्बर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ आणि टेरेन्स रॅटिगनचं ‘द डीप ब्लू सी’.

पुस्तकी इतिहास बघाल तर ऑस्बर्नच जड. मे १९५६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात ‘लुक बॅक’चा नायक जिमी पोर्टर अवतरला, समीक्षक केनेथ टायननने ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात नाटक डोक्यावर घेतलं आणि रॅटिगन एका रात्रीत शिळा ठरला, असं सांगतात. थोडं रॅटिगनने ओढवूनही घेतलं होतं. १९५३ च्या एका प्रस्तावनेत त्याने ‘आंट एड्ना’ नावाची सुखवस्तू प्रेक्षक कल्पिली, नाटककाराने तिची मर्जी सांभाळावी म्हणाला. टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत! १९७७ मध्ये तो गेला तेव्हाही तो शिक्का पुरता पुसला नव्हता. १९९३ मध्ये लंडनच्या अल्मेडा नाट्यगृहात दिग्दर्शक कॅरेल राइझने ‘डीप ब्लू सी’ पुन्हा उभं केलं, आणि २०११ च्या जन्मशताब्दीपर्यंत रॅटिगन परत मानाच्या पंगतीत. उलट जिमी बायकोशी जसा वागतो ते आता अनेकांना खुपतं.

आमच्याकडे निकाल लागला तो मात्र इस्त्रीवर. अ‍ॅलिसन (जिमीची बायको) पडदा उघडतो तेव्हा इस्त्री करत असते. रंगमंचावर तेच तिचं उत्तर. अभिवाचनात इस्त्री कुठून आणणार? जिमी पानंच्या पानं बोलत सुटतो, आणि अ‍ॅलिसन वाचणारी बिचारी पुढच्या वाक्यावर बोट ठेवून बसते. जिमी वाचणारा खूश, बाकीचे चहाची वाट बघतात.

रॅटिगनकडे घरमालकीणबाईंपासून परवाना गेलेल्या डॉक्टर मिलरपर्यंत प्रत्येकाला काहीतरी धरायला आहे. न्यायाधीश नवऱ्याला सोडून माजी वैमानिक फ्रेडीबरोबर राहणारी हेस्टर गॅस सोडून जीव द्यायला निघते आणि वाचते, कारण नाणी टाकून चालणाऱ्या गॅस मीटरमधले पैसे संपतात. पुढे तोच फ्रेडी जाताना मीटरसाठी तिच्याकडे एक शिलिंग टाकतो: जेवायला उशीर झाला तर असू दे. आमच्या तालमीत एवढ्या एका वाक्याला मोबाइल बघणाऱ्यांनीही मान वर केली.

ऑस्बर्नला कमी लेखत नाही. १९४७ मध्ये हिंदुस्थानातून परतलेला कर्नल रेडफर्न मुलीशी बोलतो तो प्रवेश आम्ही वाचायला हवा होता, असं अजून वाटतं. पूर्ण प्रयोग करणार असाल आणि दमसासाचा, थोडा आगाऊ नट हाताशी असेल, तर खुशाल ऑस्बर्न घ्या. नुसतं वाचायचं असेल तर माझा कल रॅटिगनकडे. फक्त रंगसूचना वाचायला वेगळा माणूस ठेवा. शेवटचा निर्णय हेस्टर न बोलताच घेते.