निस्मान यांच्या मृत्यूचे सहा भाग

अल्बेर्तो निस्मान या अर्जेंटिनी सरकारी वकिलांचा मृतदेह १८ जानेवारी २०१५ च्या रात्री ब्युनोस आयर्सच्या पुएर्तो मादेरो भागात, तेराव्या मजल्यावरील त्यांच्या घराच्या न्हाणीघरात सापडला. शेजारी ०.२२ बोअरचे बेर्सा पिस्तूल पडले होते आणि डोक्यात एक गोळी होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, ते संसदेच्या समितीपुढे राष्ट्राध्यक्षा क्रिस्तिना फर्नांदेस दे किर्चनर यांच्यावरील आरोप मांडणार होते. या एका रात्रीभोवती जस्टिन वेबस्टर या दिग्दर्शकाने सहा भागांची माहितीपट-मालिका रचली असून ती नेटफ्लिक्सवर १ जानेवारी २०२० रोजी आली. ‘निस्मान : सरकारी वकील, राष्ट्राध्यक्षा आणि गुप्तहेर’ असा तिच्या नावाचा अर्थ आहे. मी ती अलीकडे दुसऱ्यांदा पाहिली आणि पहिल्या वेळी झालेले माझे मत दुसऱ्या वेळी टिकले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

पाहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘सरकारी वकील’ हा आपला शब्द येथे तोकडा पडतो. आपल्याकडे तपास पोलीस करतात, आरोपपत्र ठेवतात आणि मग सरकारी वकील न्यायालयात उभा राहतो. अर्जेंटिनातील ‘फिस्काल’ मात्र अनेकदा तपासाची सूत्रे स्वतःकडे ठेवतो, त्यासाठी गुप्तचर खात्याची मदत घेतो आणि त्यामुळे त्या खात्याच्या अंतर्गत भांडणांत ओढलाही जातो. निस्मान यांच्या आयुष्याची दहा वर्षे अशीच गेली. १८ जुलै १९९४ रोजी ब्युनोस आयर्समधील ‘आमिया’ या ज्यू संस्थेच्या इमारतीवर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळवून घडवलेल्या हल्ल्यात ८५ माणसे मारली गेली. पहिला तपास इतका सडला की त्याचे न्यायाधीश हुआन होसे गालेआनो यांनी एका आरोपीला चार लाख डॉलर दिल्याचे उघड झाले आणि खटला २००४ मध्ये आरोपींच्या निर्दोष सुटकेत संपला. त्याच वर्षी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आणि क्रिस्तिना यांचे पती नेस्तोर किर्चनर यांच्या सरकारने निस्मान यांच्याकडे हे काम सोपवले. २००६ मध्ये त्यांनी इराण आणि हिजबुल्ला ही लेबनॉनमधील सशस्त्र संघटना यांच्यावर औपचारिक ठपका ठेवला आणि पुढच्या वर्षी इंटरपोलने काही इराणी व्यक्तींविरुद्ध ‘रेड नोटीस’, म्हणजे हव्या असलेल्या व्यक्तीला शोधून ताब्यात घेण्याची जगभरच्या पोलिसांना केलेली विनंती, काढल्या. ज्या राजकीय घराण्याने त्यांना उभे केले, त्याच घराण्यातील राष्ट्राध्यक्षेवर त्यांनी पुढे बोट रोखले. या कलाटणीचे सगळे धागे मालिका घाई न करता उलगडते आणि माझ्या मते तिचा सर्वांत भक्कम भाग हाच आहे.

कलाटणीचे कारण म्हणजे २७ जानेवारी २०१३ रोजी आदिस अबाबा येथे इराणशी झालेला सामंजस्य करार. हल्ल्याचे सत्य शोधण्यासाठी संयुक्त आयोग नेमायचा, असा त्याचा सरकारने सांगितलेला हेतू होता. व्यापाराच्या मोबदल्यात इराणी आरोपींना मोकळे करण्याचा तो डाव होता, असे निस्मान यांचे म्हणणे होते. १४ जानेवारी २०१५ रोजी, युरोपातील सुट्टी अर्धवट टाकून परतल्यावर दोनच दिवसांत, त्यांनी जवळपास तीनशे पानांची तक्रार दाखल केली. तिच्यावरचा सर्वांत जड आक्षेप बाहेरून आला. रेड नोटीस उठवण्याची विनंती अर्जेंटिनाने आपल्याकडे कधीही केली नव्हती, असे इंटरपोलचे माजी प्रमुख रोनाल्ड नोबल यांनी जाहीरपणे सांगितले. तक्रार कच्ची असेल तर तो माणूस निराश होता, असे एक बाजू म्हणते. ती पक्की असेल तर त्याला गप्प करण्यात आले, असे दुसरी. कागदाच्या गुणवत्तेवरून गोळी कोणी झाडली हे ठरवायचे, ही तर्काची उडी दोन्ही बाजू मारतात आणि पहिल्या वेळी मीही ती मारली होती.

न्हाणीघराविषयीचे पुरावे मालिकेने ज्या संयमाने मांडले आहेत, त्याचे कौतुक करावेसे वाटते. मृतदेह दाराला अडसर होईल असा पडला होता आणि पुढचे दार आतून बंद होते. पण मागचे दार उघडायला कुलूपवाल्याला विशेष कष्ट पडले नाहीत. निस्मान यांच्या हातावर बारुदाचे कण आढळले नाहीत. इतक्या लहान बोअरच्या पिस्तुलाचे कण उमटतीलच असे नाही, असे आधी सांगितले गेले; त्याच पिस्तुलाने नंतर घेतलेल्या चाचणीत मात्र ते उमटले. न्यायवैद्यक तज्ज्ञांना दुसऱ्या कोणाच्या सहभागाची खूण दिसली नाही. २०१७ मध्ये अर्जेंटिनाच्या जेंदार्मेरी या सुरक्षा दलाच्या तज्ज्ञांनी मात्र अहवाल दिला की मारहाण करून, केटामाइन हे गुंगीचे औषध देऊन दोघांनी त्यांना ठार केले. त्या वर्षाअखेरीस न्यायाधीश हुलियान एर्कोलिनी यांनी हा खूनच असल्याचे म्हटले. मधल्या काळात क्रिस्तिना यांचे सरकार जाऊन देशात सत्ताबदल झाला होता, याची आठवण मालिका आवाज न चढवता करून देते. तज्ज्ञांचा निष्कर्ष आणि सरकारचा रंग एकाच वेळी पालटावा हा योगायोग असेल किंवा नसेल, पण तो नजरेआड करता येत नाही.

त्या रात्रीची पोलिसांची चित्रफीत पाहणे मात्र खरोखर त्रासदायक आहे. सुरक्षा सचिव सेर्खियो बेर्नी स्वतः घरी हजर होते, माणसांची ये-जा चालू होती आणि पुराव्याच्या वस्तू ज्या पद्धतीने हाताळल्या जात होत्या ती पाहून आपणच खुर्चीत अवघडून बसतो. दुसऱ्यांदा पाहताना माझे लक्ष तज्ज्ञांच्या वादापेक्षा या हातांकडेच अधिक गेले. जागा अशी तुडवली गेल्यावर खून आणि आत्महत्या यांपैकी काहीही निर्विवाद सिद्ध होण्याचा मार्ग बहुधा त्याच रात्री बंद झाला असावा, असे माझे अनुमान आहे.

पिस्तूल दिएगो लागोमार्सिनो या संगणक तंत्रज्ञाचे होते. मुलींच्या रक्षणासाठी निस्मान यांनीच ते मागितले आणि आपण शनिवारी नेऊन दिले, असे ते सांगतात. न्यायालयाने त्यांना खुनात साहाय्य केल्याबद्दल आरोपी केले. त्यांनी तो आरोप सतत नाकारला आहे. ज्याच्या दिमतीला दहा पोलीस होते, त्याने उसने पिस्तूल का मागावे, हा प्रश्न मला बाकी सर्व प्रश्नांपेक्षा वजनदार वाटतो. पहाऱ्यावरील माणसांवर त्यांचा विश्वास उरला नसावा, हे त्याचे एक सरळ उत्तर. दुसरे उत्तर अधिक उदास आहे : ते त्यांना स्वतःसाठीच हवे असावे. यातूनच खून आणि आत्महत्या यांखेरीज तिसरी शक्यता पुढे येते. अर्जेंटिनात तिला ‘सुइसिदिओ इन्दुसिदो’, म्हणजे भाग पाडलेली आत्महत्या, असे म्हणतात : गोळी स्वतःच्याच हाताची, पण त्या हाताला तिथवर नेणारा दबाव दुसऱ्या कोणाचा. या शक्यतेला मालिकेत मला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही आणि ही तिची एक उणीव मी मानतो.

दुसरी उणीव वेळेची आहे. सहा तासांत नावांचा असा पाऊस पडतो की कागद-पेन्सिल जवळ ठेवूनच बसावे लागते, आणि मधल्या भागांत तेच मुद्दे फिरून येतात. ‘आमिया’मध्ये गेलेली ८५ माणसे जसजशी कथा पुढे सरकते तसतशी मागे पडत जातात. शिवाय मालिका जेथे थांबते त्यानंतर बरेच घडले आहे : एप्रिल २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या फौजदारी अपील न्यायालयाने हल्ल्यामागे इराण असल्याचे म्हटले, इराण कराराबाबत क्रिस्तिना यांच्यावर खटला चालवण्याचा मार्ग त्या वर्षाअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने मोकळा केला आणि निस्मान यांची हत्या त्यांच्या कामामुळेच झाली, असे तपास पाहणारे सरकारी वकील एदुआर्दो तायानो यांनी जानेवारी २०२५ मध्ये मांडले. मालिका संपल्यावर हे वाचून घेतलेले बरे.

क्रिस्तिना यांनी आधी निस्मान यांनी आत्महत्या केली असावी असे सुचवणारे पत्र लिहिले आणि तीन दिवसांनी ही आत्महत्या नव्हती अशी आपली खात्री असल्याचे जाहीर केले. आल्बेर्तो फर्नांदेस या राजकारण्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. निस्मान यांनी आत्महत्या केली याविषयी आपल्याला शंका वाटते, असे ते या मालिकेसाठी २०१७ मध्ये दिलेल्या मुलाखतीत सांगतात. त्या वेळी ते क्रिस्तिना यांच्यापासून दूर होते. मालिका प्रदर्शित झाली तेव्हा मात्र ते त्यांनाच उपाध्यक्षपदी घेऊन राष्ट्राध्यक्ष झालेले होते आणि खुनाचा पुरावा नाही असे म्हणू लागले होते. निवेदकाने यावर एक शब्दही उच्चारण्याची गरज उरत नाही.

मालिका स्पॅनिशमध्येच, उपशीर्षके लावून पाहावी. इंग्रजी आवाज चढवलेली आवृत्ती टाळावी. याचे मुख्य कारण हाइमे स्तिउसो या नावाने ओळखले जाणारे गुप्तहेर. निस्मान यांना तपासात माहिती पुरवणारे हे गृहस्थ डिसेंबर २०१४ मध्ये पदावरून दूर केले गेले. त्यांचा दरारा असा, की २००४ मध्ये कायदामंत्री गुस्ताव्हो बेलिझ यांनी त्यांचे छायाचित्र दूरचित्रवाणीवर दाखवले तेव्हा पद त्या मंत्र्यांनाच गमवावे लागले आणि पुढे देशही सोडावा लागला. तोच चेहरा येथे कॅमेऱ्यासमोर निवांत बसून बोलतो. काय सांगतो यापेक्षा कुठे थबकतो आणि कुठल्या प्रश्नावर किंचित हसतो, हे त्याच्याच आवाजात ऐकायला हवे.