शुक्राणूंच्या उत्क्रांतीवरचा ऑनलाइन कोर्स: पहिला भाग सोडा, पुढचे अजिबात सोडू नका

कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत. रेकॉर्डेड लेक्चर्स, स्लाइड्स, प्रत्येक भागानंतर क्विझ असं पॅकेज आहे, विषय प्राण्यांमधल्या शुक्राणूंचे आकार आणि काम कसं बदलत गेलं. पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार जवळपास सगळा पहिल्या भागाचा.

त्या भागात १६७७ साली लेव्हेनहुकने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले इथून सुरुवात होते, ते ठीक, पण लगेच ते नेहमीचं शर्यतीचं अ‍ॅनिमेशन, लाखो शेपट्या पळतायत, मागे ढॅणढॅण म्युझिक, एक जिंकला आणि अंडं नुसतं वाट बघत बसलेलं. पुढचा सगळा कोर्स हेच चित्र किती अपुरं आहे ते सांगतो, मग आधी ते डोक्यात भरवायचं कशाला राव?

खरा माल फळमाशीच्या भागात आहे. ड्रोसोफिला बायफर्का नावाची माशी, नर जेमतेम ३ मिलिमीटरचा आणि त्याचा एकेक शुक्राणू उलगडला तर साधारण ५८ मिलिमीटर!! माणसाचा शुक्राणू मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो, म्हणजे बघा. हा एवढा लांब धागा लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळून मादीला दिला जातो, आणि ते बनवायला नराच्या वजनाचा ११ टक्के भाग नुसती वृषणं. आता जीवशास्त्रज्ञ जेफ पार्करने १९७० मध्ये मांडलेला शुक्राणू-स्पर्धेचा (एकाच मादीत वेगवेगळ्या नरांच्या शुक्राणूंची चढाओढ) विचार घेतला तर वाटतं की मादी अनेक नरांशी जुळत असेल तर छोटे आणि भरपूर शुक्राणू बनवलेले बरे, जितके जास्त तितकी संधी जास्त. मग ही माशी उलटं का करते? उत्तर मादीत आहे. तिच्या शरीरात शुक्राणू साठवायची एक नळी असते आणि या जातीत ती नळी शुक्राणूपेक्षाही लांब आहे. मिलर आणि पिटनिक यांचा २००२ चा प्रयोग इथे मस्त उलगडून सांगितलाय, प्रयोगशाळेतल्या साध्या फळमाश्यांच्या पिढ्या निवडून लांब नळीच्या आणि आखूड नळीच्या माद्या तयार केल्या, तसेच लांब-आखूड शुक्राणूंचे नर, आणि दिसलं काय तर नळी लांब असली की लांब शुक्राणूवाला नर जास्त बाजी मारतो. म्हणजे पेपर मादीच काढते आणि नर त्याप्रमाणे बदलत जातात. हे लेक्चर मी परत बघितलं आणि परत तेवढंच आवडलं.

पतंग-फुलपाखरांचा भाग पण जबरदस्त. त्यांचे नर दोन प्रकारचे शुक्राणू बनवतात आणि त्यातल्या एका प्रकारात केंद्रकच नसतं, म्हणजे ते अंडं फलित करूच शकत नाहीत, आणि बहुतेक वेळा संख्येने तेच जास्त! रेशमाच्या किड्यात मात्र कळलंय की हे बिनकामाचे वाटणारे नसतील तर कामाचे शुक्राणू मादीच्या साठवणीच्या पिशवीपर्यंत पोचतच नाहीत. गोलकृमींचे शुक्राणू तर बिनशेपटीचे, अमिबासारखे सरपटत जातात, त्यावर अजून पाच मिनिटं हवी होती. खेकडे दोन स्लाइडमध्ये उरकले.

उंदरांचं लेक्चर मिक्स आहे. वुड माऊसचे शुक्राणू डोक्याच्या आकड्याने एकमेकांत अडकून झुंडीने पोहतात आणि झुंड एकट्यापेक्षा वेगात जाते, पण सुटं व्हायला त्यातल्या बऱ्याच जणांना अंडं भेदायची आपली क्षमता आधीच खर्च करावी लागते, हे छान समजावलंय. नंतर स्पर्धा नसली की काय होतं ते सांगताना मात्र सर पळायला लागतात. नेकेड मोल रॅटच्या (जमिनीखाली राहणारा, जवळपास बिनकेसांचा उंदरासारखा प्राणी) वसाहतीत पिल्लं फक्त राणी घालते, ती मोजक्याच नरांशी जुळते आणि त्यांचे बहुतेक शुक्राणू वेडेवाकडे, धड न पोहणारे, आणि बुलफिंच पक्ष्याचे शुक्राणू बाकी गाणाऱ्या पक्ष्यांसारखे स्क्रूच्या आकाराचे नसून गोल डोक्याचे. एवढी भारी उदाहरणं आणि एका दमात संपवली.

क्विझ बोअर आहे, सगळे आकडे विचारतात, कारण एकदाही नाही. सबटायटल्स ऑटोमॅटिक असावेत, प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा पार चुथडा झालाय. बाकी शाळेतलं जीवशास्त्र थोडंफार आठवत असेल तरी सगळं कळतं, जेनेटिक्स वगैरे यायची गरज नाही.

आणि हो, पहिल्या भागाची क्विझ दिल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही. ते नको असेल तर थेट फळमाशीपासून सुरू करा, मधे काही लॉक केलेलं नाहीये.