घरी दात पांढरे करताना येणारी सणक: काही महिन्यांच्या वापरानंतर

दात पांढरे करायचे आहेत पण सणक सोसायची नाही, असं असेल तर कुठल्या कंपनीचं जेल घ्यावं हा प्रश्न नंतरचा. आधी जेल किती ताकदीचं आणि किती दिवसांच्या अंतराने लावायचं, ते ठरवा. जेल भरून दातांवर घालायचा ट्रे काही महिने वापरल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे.

माझ्याकडे दंतवैद्यांनी मापाचा बनवून दिलेला पातळ पारदर्शक ट्रे आहे, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल आहे आणि ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची टूथपेस्ट आहे. यापेक्षा दुप्पट ताकदीची जेलंही मिळतात. पण दातात जे काम करतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि १० टक्के कार्बामाइडमधून ते सुमारे साडेतीन टक्केच सुटतं. जास्त ताकदीच्या जेलने रंग लवकर उघडतो, सणकही जास्त येते. काही आठवड्यांनी पाहिलं तर शेवटी मिळणारा रंग जवळपास तोच असतो. म्हणून मी मुद्दाम हळू जाणारं जेल निवडलं आणि आजही तेच निवडेन.

ही सणक कशी असते, ते ज्यांना आली नाही त्यांच्यासाठी सांगते. आंबट खाऊन दात आंबतात तसं हे नाही. काहीही खात-पीत नसताना एखाद्या पुढच्या दातातून अचानक बारीक कळ जाते आणि दोन सेकंदांत थांबते. थोड्या वेळाने शेजारच्या दातातून जाते. मला ती बहुतेक वेळा खालच्या पटाशीच्या दातांत यायची, आणि ट्रे तोंडात असताना नव्हे तर दुसऱ्या दिवशी. तोंडाने श्वास घेतला, गार हवा लागली की हमखास.

कारण समजल्यावर माझी भीती बरीच गेली. पेरॉक्साइडचे रेणू इतके लहान असतात की ते इनॅमल (दाताचं कडक बाहेरचं कवच) आणि त्याखालचा डेंटिन नावाचा थर ओलांडून पंधरा मिनिटांच्या आत दाताच्या नसेपर्यंत पोचतात. तिथे नस तात्पुरती चिडते. शिवाय डेंटिनमध्ये सूक्ष्म नळ्या असतात, त्यांतला द्रव गारव्याने हलला की आधीच चिडलेली नस लगेच दाद देते. खालचे पुढचे दात सगळ्यांत लहान, त्यांचं इनॅमलही पातळ, म्हणून तिथे त्रास आधी जाणवतो. दात कायमचा दुखावला गेला असा याचा अर्थ नाही. जेल थांबवलं की दोन-चार दिवसांत हे ओसरतं, माझंही दरवेळी ओसरलं.

आता उपाय. सगळ्यांत जास्त फरक पडला तो पोटॅशियम नायट्रेटच्या टूथपेस्टने, आणि तीही जेलच्या आधी दोन आठवडे सुरू केल्याने. ही पेस्ट पहिल्या दिवशी काही करत नाही. पोटॅशियम नसेभोवती साठत गेलं की नस पुन्हा पुन्हा संदेश पाठवू शकत नाही, आणि साठायला वेळ लागतो. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने लावायची, फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. चूळ भरली की निम्मं औषध पाण्याबरोबर जातं. दातांच्या नळ्या बुजवणाऱ्या दुसऱ्या पेस्टही असतात, स्टॅनस फ्लोराइडच्या किंवा आर्जिनिनच्या. रोजच्या गार-गरमासाठी त्या चांगल्या. पण ब्लीचिंगमध्ये, म्हणजे दात पांढरे करताना, मूळ चीड नसेची असते, म्हणून माझा कौल पोटॅशियम नायट्रेटला.

दुसरा उपाय मला दंतवैद्यांनी सांगितला आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. सणक आलीच, तर तीच पेस्ट ट्रेमध्ये पातळ लावून दहा ते तीस मिनिटं घालून ठेवायची. ब्रशने लावलेली पेस्ट दोन मिनिटांत निघून जाते, ट्रेमध्ये ती दाताला चिकटून राहते. अमेरिकेतले दंतवैद्य व्हॅन हेवूड यांनी ही पद्धत पुढे आणली. १९८९ मध्ये हॅरल्ड हेमन यांच्याबरोबर रात्री ट्रे घालून दात उजळवण्याच्या पद्धतीवर लेख लिहिणारे तेच हे हेवूड. पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट नसेल तर उत्तम, कारण फेस आणणाऱ्या या पदार्थाने इतका वेळ हिरड्या चुरचुरू शकतात. मला यानंतर बहुतेक वेळा त्याच रात्री आराम पडला.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतर. रोज रात्री लावायचा मूळ बेत होता, सणक सुरू झाल्यावर एक दिवसाआड केला. कळ जोरात आलेल्या आठवड्यात दोन दिवसांचीही सुट्टी दिली. रंग मागे गेला नाही, फक्त काम लांबलं. वेळही कमी करता येतो. कार्बामाइडचं जोरदार काम पहिल्या दोन तासांतच होतं, त्यामुळे रात्रभर झेपत नसेल त्याने संध्याकाळी दोन तास घालून ट्रे काढावा.

जेल भरण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण निम्मा त्रास इथेच वाचतो. ट्रेमध्ये प्रत्येक दाताचा खळगा असतो. त्याच्या पुढच्या भिंतीवर, मधोमध, तांदळाच्या दाण्याहून लहान थेंब ठेवायचा. काठापर्यंत भरायचं नाही. ट्रे बसवून बोटाने हलकेच दाबला की जेल पसरतं आणि थोडं हिरडीवर येतं. तेवढं लगेच कोरड्या कापसाने पुसायचं. राहिलं तर हिरडीचा तेवढा पट्टा पांढरट पडतो आणि झोंबतो. काही तासांत तो गुलाबी होतो, पण झोंबणं आणि सणक एकत्र आली की माणूस पुढे जायला तयार होत नाही. ट्रेची कड हिरडीला टोचत असेल तर दंतवैद्यांकडून घासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

या काळात बर्फाचं पाणी, सोडा आणि लिंबाचे प्रकार मी बाजूला ठेवले. दात पांढरे करणाऱ्या खरखरीत पेस्ट आणि कोळशाच्या पावडरीही नकोतच. आधीच हळव्या झालेल्या दातांवर घासाघीस कशाला?

जेल आणण्याआधी तपासणी मात्र कराच, याबाबतीत मी आग्रही आहे. कीड, तडा गेलेला दात, गळकं फिलिंग किंवा हिरडी खाली सरकून उघडं पडलेलं मूळ असेल तर पेरॉक्साइड आत जायला मोकळी वाट मिळते, आणि मग कुठलीही पेस्ट पुरत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे टाळतात. आणखी एक खूण लक्षात ठेवा: ब्लीचिंगची सणक एका दातातून दुसऱ्या दातात जाते आणि क्षणात थांबते. एकाच दातात ठणका बसला, गार लागल्यावर तो मिनिटभर टिकला किंवा रात्री झोपमोड झाली, तर जेल बंद करून दाखवायला जा.

रंगाचं म्हणाल तर मी समाधानी आहे. पुढचे दात आधी उजळले. सुळे मुळातच गडद असल्याने मागे राहिले आणि नंतर जुळले. ट्रे काढल्याबरोबर दात सुकलेले असल्याने जास्त पांढरे दिसतात, खरा रंग शेवटच्या रात्रीनंतर दोनेक आठवड्यांनी स्थिरावतो. कॅप आणि फिलिंग उजळत नाहीत. रंग जुळवून फिलिंग बदलायचं असेल तर तेही या दोन आठवड्यांनंतरच करतात, कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे नवं फिलिंग नीट धरत नाही.

आता अधूनमधून दोन-तीन रात्रींची उजळणी करते, तीही आधी पंधरवडाभर पेस्ट लावून. वरच्या दातांना काहीच जाणवत नाही. खालचे चार पटाशीचे दात अजूनही थोडे कुरकुरतात, म्हणून त्यांच्या खळग्यांत थेंब निम्मा ठेवते आणि एखादी रात्र खालचा ट्रे घालतच नाही.