खडीची धावपट्टी आणि चिखलाची धावपट्टी, जायचं कुठून?

कच्ची धावपट्टी म्हटलं की लोक सगळ्याच एका माळेत ओवतात, पण घट्ट दाबलेली खडी आणि पावसाने भिजलेली माती यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तुम्हाला अशा ठिकाणाहून विमानाने जायचं की नाही हे ठरवायचं असेल तर आधी तो फरकच बघा.

खडीचा त्रास म्हणजे उडणारे दगड. प्रोपेलरला टवके जातात, जेटच्या इंजिनात खडा गेला तर पाती खराब होतात. पण हा धोका आधीपासून माहीत असतो, त्यामुळे त्याची तयारी करता येते. बोइंग 737-200 या जुन्या प्रवासी जेटला खडीसाठी वेगळं किट मिळायचं. पुढच्या चाकामागे दगड अडवणारी पट्टी, आणि इंजिनाच्या तोंडापुढे एक नळी जी हवा खाली फुंकते, म्हणजे तिथे भोवरा तयार होऊन खडा वर ओढला जात नाही. अट एवढीच की खडी सपाट आणि नीट दाबलेली हवी.

चिखलाला असं किट नाही. सकाळी टणक असलेली माती एका सरीनंतर दुपारी चाक गिळते. टेकऑफला चाकं रुततात, वेग वाढतच नाही, आणि लँडिंगला उलटं, टायरच्या खाचा चिखलाने भरतात आणि ब्रेक दाबला तरी विमान घसरत राहतं. पुढचं चाक खोल चरात अडकलं तर ते मोडूही शकतं.

आकड्यात सांगतो. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी ढोबळ हिशोब दिलाय, ओल्या गवतावर टेकऑफचं अंतर 1.3 पट, मऊ जमिनीवर किमान 1.25 पट, आणि तापमान हिशोबात धरलेल्यापेक्षा 10 अंशांनी जास्त असेल तर वर आणखी 1.1 पट. हे सगळे गुणायचे असतात, म्हणजे पक्क्यावर 600 मीटर लागत असतील तर ओल्या गवतावर गरम दिवशी 858 मीटर. पट्टी 800 ची असेल तर विषयच संपला.

आणि चाकांना मागे खेचणारी ही ओढ किती वाईट असते ते 1958 मध्ये जर्मनीत म्युनिकला एका प्रवासी विमानाच्या अपघातात दिसलं. धावपट्टी पक्की होती, फक्त शेवटच्या भागात पाणी मिसळलेला बर्फ साचला होता. वेग 117 नॉट्सपर्यंत (तासाला साधारण 217 किलोमीटर) गेला आणि तिथून 105 वर उतरला, विमान उडालंच नाही, 23 जण गेले. फार वाईट वाटतं वाचताना.

विमानांत म्हणाल तर अशा पट्टीवर मी ट्विन ऑटर या दोन प्रोपेलरच्या छोट्या विमानावरच विश्वास ठेवेन. पंख वर, इंजिनं जमिनीपासून उंच, चाकं आत ओढायचीच नाहीत त्यामुळे चाकांच्या कप्प्यात चिखल भरून वर गारठून चाकं अडकायचा प्रश्नच येत नाही, फक्त 19 च्या आसपास माणसं बसतात. खालच्या पंखाचं जेट चिखलावर मला नकोच, किट असो वा नसो.

तर निघायच्या आधी विचारा, शेवटचा पाऊस कधी पडला आणि आज कोणी पट्टीवर पायी चालून बघितलंय का. बूट रुतत असेल तर चाक रुतणारच. पायलट म्हणाला की सामान कमी करा किंवा दोघं जण पुढच्या फेरीला या, तर वाद घालू नका, तो हिशोब करतोय. आणि कोणीच पट्टी बघितलेली नसेल, वर सगळ्या सीट भरून निघायची घाई असेल, तर तिकीट बुडालं तरी चालेल, रस्त्याने पक्क्या धावपट्टीपर्यंत जा नाहीतर दोन दिवस ऊन पडायची वाट बघा.