बॅलिनाहिंच की बॅलिमलू?

आयर्लंडमधल्या जुन्या जमीनदारी वास्तूत दोन रात्री काढायच्या असतील, तर मला ही दोन नावं आधी आठवतात. दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

बॅलिनाहिंच कासल पश्चिमेला, कॉनेमारात आहे. समोर ओवनमोर नदी, पाठीशी ट्वेल्व्ह बेन्सचे डोंगर. आपल्याला इथली ओढ वाटावी असं कारणही आहे. ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो, त्या नवानगरच्या रणजितसिंहजींनी १९२४ मध्ये हे घर विकत घेतलं. गळाने सामन मासे पकडण्याचं त्यांना वेड होतं आणि ही नदी सामनसाठीच प्रसिद्ध. जामनगरचा राजा या पावसाळी मुलखात रमला, हे मला फार हृद्य वाटतं. त्याआधी इथे मार्टिन घराणं होतं. त्यातल्या रिचर्ड मार्टिन यांनी १८२२ मध्ये ब्रिटिश संसदेत गुराढोरांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा आणला.

बॅलिमलू हाउस दक्षिणेला, कॉर्क परगण्यातल्या शेतीभाती‍च्या प्रदेशात. इथे जायचं ते जेवायला. मर्टल ॲलन यांनी १९६४ मध्ये राहत्या घरातच रेस्टॉरंट काढलं. भाजी आपल्या मळ्यातली, मासळी जवळच्या बॅलिकॉटन बंदरातली. साधंच, पण मनापासून रांधलेलं.

डोंगरात भटकायचं असेल, पावसाची तक्रार नसेल, तर बॅलिनाहिंच. सोबत आईवडील असतील, तर बॅलिमलू. कॉर्क शहरातून गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येतं. मला एकच निवडायचं झालं, तर मी रणजींच्या नदीकाठी जाईन.