अपडेटनंतर ट्रॅफिक पडलं? सर्च कन्सोल कितपत कामाचं

जळगाव-धुळ्याकडे फवारणी पंप, ठिबकचं सामान यांच्या अ‍ॅफिलिएट साइट, म्हणजे लिंकवरून विक्री झाली की कमिशन मिळवून देणाऱ्या साइट, चालवणाऱ्यांसाठी गूगल सर्च कन्सोल हे शोधातली साइटची कामगिरी दाखवणारं, फुकटचं आणि सगळ्यात भरवशाचं साधन आहे. फक्त वापरताना घाई नको. गूगलचं मार्च 2024 चं कोर अपडेट (शोधाच्या क्रमवारीतला मोठा बदल) 5 मार्चला सुरू होऊन 19 एप्रिलला संपलं. मधल्या दिवसांचे आकडे बघून पानं उडवणं म्हणजे नुकसानच. अपडेट संपल्यावर पूर्ण आठवडा जाऊ द्या, मग कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात तो आठवडा अपडेटआधीच्या आठवड्याशी ताडून बघा.

सरासरी क्रमांक तोच आणि इम्प्रेशन (शोधात पान किती वेळा दिसलं) कमी, तर बहुधा हंगाम सरला. कपाशीची फवारणी संपली की पंप कोण शोधणार? म्हणून गेल्या वर्षीचे तेच दिवस लावून बघा. कन्सोलमधला 16 महिन्यांचा डेटा इथेच कामी येतो. क्रमांकच 4 वरून 20 वर गेला असेल, तर पानात खोट शोधा. नुसती कंपनीची माहिती उतरवलेली पानं आधी पडतात. 16 लिटरचा पंप भरल्यावर पाठीवर किती जड होतो, एका चार्जिंगमध्ये किती टाक्या निघतात, हे स्वतः मोजून, फोटोसह लिहा. अ‍ॅफिलिएट लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ टॅग हवाच.

उणिवा आहेत. तक्त्यात 1000 च ओळी दिसतात, आणि मोजक्याच लोकांनी केलेले शोध लपवले जातात; अहिराणीतले बरेचसे त्यातच जात असणार. मॅन्युअल अ‍ॅक्शनचा (गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईचा) रकाना रिकामा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका, अल्गोरिदमची घसरण तिथे कधीच नोंदली जात नाही.