पायथन ३.१४टी: गिल नसलेला पायथन लॅबच्या मशीनवर टाकावा का?

निकाल आधीच सांगतो. ३.१३टी टाकू नका, ३.१४टी टाका. आणि टाकल्यावर लगेच खूश होऊ नका, गिल (पायथनला एका वेळी एकाच थ्रेडवर अडवणारं कुलूप) खरंच बंद आहे ना ते तपासा. हे परीक्षण कुणासाठी? सांगलीच्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंगच्या लॅबा आणि कुपवाड एमआयडीसीतल्या पाच-सहा जणांच्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी. दोन्हीकडे मशीनचं चित्र एकच असतं: डेस्कटॉपवर विंडोज, कोपऱ्यात एक उबुंटूचा सर्व्हर आणि एखाद्या टेबलावर मॅक. तिन्हीकडे हा इंटरप्रिटर कसा बसतो आणि कुठे अडतो, तेवढंच इथे पाहू.

पार्श्वभूमी दोन ओळीत. गिल म्हणजे ग्लोबल इंटरप्रिटर लॉक. तो असल्यामुळे पायथनचा कोड एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला) चालवता येतो, बाकीचे कोअर नुसते बसून राहतात. सॅम ग्रॉस यांनी तो काढायचा प्रस्ताव मांडला, पेप ७०३ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव), आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो मंजूर झाला. ७ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या ३.१३ मध्ये गिल नसलेली बिल्ड (सोर्स कोडपासून तयार केलेली आवृत्ती) प्रायोगिक होती. ७ ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ पासून ती अधिकृतपणे सपोर्टेड आहे, पण डिफॉल्ट अजूनही गिलवालीच. नावाच्या शेवटचा ‘टी’ हीच तिची खूण.

उबुंटूवर सोर्समधून बांधणं सर्वात सरळ. बिल्ड-इसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिग, शिवाय ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट, बीझिप२, एलझेडएमए आणि रीडलाइन यांची ‘डेव्ह’ पॅकेजं आधी टाकून घ्या. लिबएफएफआयचं राहिलं तर बिल्ड तक्रार न करता पूर्ण होते आणि सीटाइप्स मॉड्यूल गायब असतं. ओपनएसएसएलचं राहिलं तर पिपला (पॅकेज टाकायच्या साधनाला) काहीच डाउनलोड करता येत नाही. म्हणून मेक (सोर्स कंपाइल करणारं साधन) संपल्यावर शेवटी छापलेली न बनलेल्या मॉड्यूल्सची यादी वाचाच, बहुतेक जण तिथे स्क्रीन साफ करून पुढे जातात. कॉन्फिगरला ‘डिसेबल-गिल’ हा पर्याय द्या आणि प्रीफिक्स ऑप्टमधल्या वेगळ्या फोल्डरचा ठेवा, नाहीतर त्याच जागी असलेल्या नेहमीच्या ३.१४ शी नावांची गल्लत होते. इन्स्टॉल करताना साधं ‘इन्स्टॉल’ नको, ‘आल्टइन्स्टॉल’ वापरा.

मशीन ४ जीबी रॅमचं असेल तर एलटीओच्या (लिंक करताना होणाऱ्या ऑप्टिमायझेशनच्या) नादी लागू नका. लिंक करताना स्वॅप सुरू होतो आणि मशीन माउसलाही दाद देत नाही. मेकला जे४ ऐवजी जे२ द्या, म्हणजे एका वेळी चारऐवजी दोनच कामं चालतील. बिल्ड चालू असताना लाइट गेली तर? पुन्हा मेक चालवलं की तयार झालेल्या फाइल सोडून काम पुढे सरकतं, पण ऐन वेळी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल अर्धवट राहिलेली असू शकते आणि मग लिंकर भलतीच एरर देतो. अशा वेळी मेक क्लीन करून नव्याने सुरुवात करणंच स्वस्त पडतं. पीजीओ (आधी प्रोग्रॅम चालवून घेतलेल्या प्रोफाइलवरून होणारं ऑप्टिमायझेशन) चालू असेल तर हे आणखी लागू, कारण अर्धी प्रोफाइल असेल तर ऑप्टिमायझेशनला काही अर्थ राहत नाही.

गिलवाली आणि बिनगिलची अशा दोन्ही बिल्ड एकाच सोर्समधून हव्या असतील तर दोन वेगळे बिल्ड फोल्डर करा. सोर्सच्या फोल्डरात आधी कॉन्फिगर चालवलेलं असेल तर डिस्टक्लीन (आधीच्या बिल्डच्या फाइल काढणं) केल्याशिवाय बाहेरची बिल्ड नीट होत नाही.

विंडोजवर बांधायची गरज क्वचितच पडते. पायथन इन्स्टॉल मॅनेजर असेल तर पाय इन्स्टॉल ३.१४टी एवढं पुरतं. जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलरमध्ये कस्टमाइझ करून पुढच्या पानावर फ्री-थ्रेडेड बायनरीची खूण करावी लागते. ती आपोआप नसते, आणि त्या फाइल नेटवरून येतात. लॅबमधल्या चाळीस मशीनवर हे करायचं तर लेआउट पर्यायाने सगळं एकदाच उतरवून घ्या आणि नेटवर्क फोल्डरमधून वाटा. बांधायचंच असेल तर व्हिज्युअल स्टुडिओमध्ये पायथन डेव्हलपमेंटचा वर्कलोड आणि त्यातली नेटिव्ह साधनं हवीत. मग पीसीबिल्ड फोल्डरमधली बिल्ड बॅच फाइल ‘डिसेबल-गिल’ देऊन चालवायची. ती बाहेरच्या लायब्ररी स्वतः उतरवते, म्हणजे नेट हवंच. सोर्स वनड्राइव्हच्या फोल्डरात मुळीच ठेवू नका, आणि पाथ आखूड ठेवा.

विंडोजवर खरी मेख दुसरीच आहे. स्वतःचं सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेलं पायथनचं मॉड्यूल) बांधताना ‘पाय गिल डिसेबल्ड’ हा मॅक्रो बिल्डच्या साधनाने स्वतः द्यावा लागतो. तो नसेल तर कोड गिलवाल्या मांडणीने कंपाइल होतो. लिनक्सवर हे हेडरमधूनच येतं, त्यामुळे लिनक्सवर लिहून विंडोजवर नेणारे इथे हमखास अडकतात.

मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन साधनं आणि होमब्रूचं ओपनएसएसएल लागतं. कॉन्फिगरला त्याचा पाथ दिला की झालं. तयार इन्स्टॉलरमध्येही कस्टमाइझखाली फ्री-थ्रेडेडचा पर्याय आहे.

आता मुख्य मुद्दा. ३.१४टी टाकला म्हणजे गिल गेला असं नाही. एखादं सी एक्स्टेन्शन ‘मला गिल नको’ असं जाहीर करत नसेल, तर ते इम्पोर्ट होताच इंटरप्रिटर गिल पुन्हा चालू करतो, तेही सगळ्या प्रोसेससाठी आणि ती संपेपर्यंत. प्रोग्रॅम अडत नाही, उत्तरंही बरोबर येतात. फक्त आठ थ्रेड पुन्हा एका रांगेत उभे राहतात. एक रनटाइम वॉर्निंग येते आणि तिच्यात दोषी मॉड्यूलचं नाव असतं, पण लॉगमध्ये वॉर्निंग दाबून ठेवलेल्या असतील तर कळणार कसं? म्हणून सगळे इम्पोर्ट झाल्यानंतर सिस मॉड्यूलमधलं ‘इज गिल एनेबल्ड’ हे अंडरस्कोरने सुरू होणारं फंक्शन बोलवा आणि उत्तर लॉगमध्ये छापा. फाइलच्या पहिल्या ओळीत तपासून काही उपयोग नाही, तिथे उत्तर नेहमी छानच येतं. पायथन गिल हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य करून गिल जबरदस्तीने बंद ठेवता येतो, पण ते चाचणीपुरतं. ज्या लायब्ररीने हमी दिलेली नाही ती अशा वेळी मेमरी बिघडवते आणि क्रॅश तिसऱ्याच ठिकाणी होतो.

नम्पाय (अॅरेंवरच्या हिशेबाची लायब्ररी) २.१ पासून चालतं, सायथन (पायथनसारखा कोड सी मध्ये बदलणारं साधन) ३.१ मध्ये त्यासाठी वेगळा डिरेक्टिव्ह आहे. अडचण येते ती लहान, कुणीतरी मागे लिहून ठेवलेल्या पॅकेजांची. त्यांचं ‘सीपी३१४टी’ व्हील (तयार बांधलेलं पॅकेज) नसतं, आणि एबीआय३ ची (पायथनच्या अनेक आवृत्त्यांना एकच चालणारी) व्हील या बिल्डला चालत नाहीत. मग पिप सोर्समधून बांधायला जातं, आणि विंडोजवर कंपायलर नसेल तर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचं हवं’ हा ओळखीचा निरोप येतो. प्रोजेक्टची रिक्वायरमेंट्स फाइल आधी याच नजरेने चाळा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

वेग. ३.१३टी मध्ये एकाच थ्रेडचा कोड प्रमाणित चाचण्यांवर साधारण ४० टक्के हळू होता, कारण स्पेशलायझिंग इंटरप्रिटर (वारंवार चालणाऱ्या सूचना वेगवान करणारा भाग) त्या बिल्डमध्ये बंद होता. ३.१४ मध्ये तो चालू झाला आणि तोटा ५ ते १० टक्क्यांवर आला. ३.१३ नको म्हणण्याचं पहिलं कारण हेच. दुसरं असं की तिथे पहिला जादा थ्रेड सुरू झाला की मॉड्यूलच्या पातळीवरची फंक्शनं, क्लास वगैरे अमर होतात, कधीच मोकळे होत नाहीत, आणि असे ऑब्जेक्ट सतत बनवणाऱ्या, दिवसभर चालणाऱ्या सर्व्हरची मेमरी चढत राहू शकते.

कोअर वाढवले तेवढा वेग वाढेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. इथे प्रत्येक ऑब्जेक्टचा एक मालक थ्रेड असतो. मालकाने केलेली रेफरन्स मोजणी (ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे त्याची नोंद) स्वस्तात होते, इतर थ्रेडना मात्र अॅटॉमिक (मध्येच न तुटणाऱ्या, पण महाग) सूचना वापराव्या लागतात. एकच डिक्शनरी आठ थ्रेड सतत ढवळत असतील तर कॅशची ओढाताण होऊन एका थ्रेडपेक्षाही हळू चालेल.

उदाहरण घ्या. तासगावच्या बेदाण्याच्या बॉक्सचे फोटो आठ थ्रेड तपासतायत आणि प्रत्येक थ्रेड सामायिक बेरजेत वजन मिळवतोय: बेरीज अधिक-बरोबर वजन. ही एक ओळ दिसते, पण आत वाचणं, मिळवणं आणि लिहिणं अशा तीन पायऱ्या आहेत. दोन थ्रेडनी ४,२०० वाचलं, दोघांनी १५ मिळवले, दोघांनी ४,२१५ लिहिलं. एक बॉक्स हिशेबातून गेला. नेहमीच्या पायथनमध्येही हे चुकीचंच होतं, पण ३.१० पासून गिलचा हातबदल लूपच्या उलट्या उडीपाशी किंवा फंक्शन कॉलपाशीच होत असल्यामुळे ते सहसा उघडं पडत नव्हतं. इथे ते पहिल्याच मोठ्या बॅचला उघडं पडतं. उपाय लॉक, किंवा त्याहून बरा: प्रत्येक थ्रेडची बेरीज वेगळी ठेवा आणि शेवटी एकत्र करा. लिस्टमध्ये अपेंड करणं सुरक्षित आहे, कारण लिस्टला स्वतःचा छोटा लॉक आहे. एकच इटरेटर दोन थ्रेडना वाटून देणं सुरक्षित नाही.

मेमरी जास्त लागते हे गृहीत धरा. ६४ बिटवर साध्या ऑब्जेक्टचं हेडर १६ ऐवजी ३२ बाइटचं होतं. पूर्णांकांच्या आणि स्ट्रिंगच्या लांबलचक याद्या असतील तिथे हे जाणवतं, नम्पायच्या अॅरेत जवळपास नाही. शिवाय कचरा गोळा करताना सगळे थ्रेड थांबवले जातात. ३.१४ चा प्रायोगिक जेआयटीही (चालता चालता मशीन कोड बनवणारा कंपायलर) या बिल्डसोबत चालत नाही.

ज्यांचं काम मल्टिप्रोसेसिंगवर (थ्रेडऐवजी वेगवेगळ्या प्रोसेसवर) नीट चाललंय आणि प्रोसेसमध्ये डेटा फारसा फिरत नाही, त्यांनी घाई करू नये. जँगोची (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कची) साधी साइट असेल तर मुळीच नको, तिथे वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जातो. फायदा कुणाला? मोठा डेटा मेमरीत एकदाच भरून त्यावर शुद्ध पायथनमध्ये हिशेब करणाऱ्यांना. मल्टिप्रोसेसिंगमध्ये तो डेटा पिकल करून (बाइटमध्ये बदलून) प्रत्येक प्रोसेसकडे पाठवावा लागतो. विंडोज आणि मॅकवर प्रोसेस स्पॉन पद्धतीने (कोऱ्या इंटरप्रिटरपासून) सुरू होतात, आणि ३.१४ पासून लिनक्सवरही फोर्कऐवजी (चालू प्रोसेसची नक्कल करण्याऐवजी) फोर्कसर्व्हर डिफॉल्ट झालंय, त्यामुळे फुकटात मेमरी वाटून घ्यायची जुनी युक्ती तिथेही आपोआप चालत नाही. थ्रेडमध्ये हा प्रश्नच येत नाही, आणि तोच कोड तिन्ही सिस्टिमवर सारखा वागतो.

लॅबसाठी एक सूचना: नेहमीचा ३.१४ काढू नका. दोन्ही शेजारी नांदतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मात्र वेगवेगळं करा, कारण एकाची कंपाइल केलेली पॅकेजं दुसऱ्यात लोड होत नाहीत.